वर्ड उघडतो, पण आपोआप चालणारा मॅक्रो चालत नाही: पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचा शोध

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या आसपास टायपिंग आणि झेरॉक्सची जी दुकानं आहेत, त्यांतल्या काहींचे कॉम्प्युटर मी बघतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वकीलपत्रं, नाना तऱ्हेचे अर्ज असं तिथे दिवसभर टाइप होत असतं. या दुकानांतून मला सगळ्यात जास्त येणारा फोन एकच: "भाऊ, वर्ड उघडला, पण आपलं पान येऊन नाही राहिलं."

आपलं पान म्हणजे लीगल आकाराचा कागद, डावीकडे फाइलला लावण्यापुरता मोठा समास, ठरलेला फाँट, ओळींत दुप्पट अंतर आणि नेहमीच्या मजकुराची दोन-चार बटणं. हे सगळं वर्ड सुरू होताच एक मॅक्रो, म्हणजे वर्डला आधीच लिहून दिलेल्या आज्ञांचा संच, करून देतो. तो चालला नाही की टायपिस्ट ताई हातानं समास लावत बसतात. समोर अकरा वाजता कोर्टात तारीख असलेलं गिऱ्हाईक उभं असतं. एका अर्जामागे पाच मिनिटं गेली तर दिवसाकाठी किती काम मागे पडतं, हे त्या दुकानात तासभर बसलं की कळतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, कारण एकाच वाक्यामागे तीन वेगळे बिघाड असतात आणि आपण प्रत्येक वेळी एकच औषध देतो. एक, मॅक्रो ज्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या तयार साच्याच्या फाइलमध्ये, आहे ते वर्डनं लोडच केलेलं नसतं. दोन, टेम्प्लेट लोड झालेलं असतं, पण सुरक्षेच्या नियमांमुळे मॅक्रोला चालू दिलेलं नसतं. तीन, मॅक्रो सुरू होतो आणि मध्येच अडतो. यांतलं काय झालंय हे ठरवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. बहुतेक जण पहिल्याच मिनिटाला ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे वर्डच्या सुरक्षेच्या सेटिंगांत, जाऊन सगळे मॅक्रो चालू करून टाकतात. त्यानं मूळ बिघाड तसाच राहतो आणि कॉम्प्युटर मात्र उघडा पडतो.

ठरवायचं कसं? वर्ड उघडा, ऑल्ट आणि एफ८ दाबा. मॅक्रोंची यादी येते. खाली ती कुठल्या टेम्प्लेटमधली दाखवायची ते निवडता येतं, तिथे सगळी चालू टेम्प्लेटं आणि डॉक्युमेंटं हा पर्याय घ्या. यादीत ऑटोएक्झेक (वर्ड सुरू होताना आपोआप चालणाऱ्या मॅक्रोचं ठरलेलं नाव) दिसतच नसेल, तर बहुतेक पहिला बिघाड. दिसत असेल तर तो निवडून हातानं चालवा. मॅक्रो बंद केलेले आहेत असा निरोप आला तर दुसरा. एखादा एरर नंबर दाखवून थांबला तर तिसरा. हातानं नीट चालला आणि फक्त सुरुवातीलाच चालत नसेल, तर नाव, जागा किंवा वेळ यांपैकी काहीतरी चुकलंय. खात्री हवी असेल तर मॅक्रोच्या अगदी पहिल्या ओळीत मेसेज बॉक्स टाका आणि त्यात नुसता १ हा आकडा दाखवा, तोही इंग्रजी आकड्यांत. वर्ड बंद करून पुन्हा उघडा. आकडा दिसला तर मॅक्रो सुरू होतोय आणि दोष पुढच्या ओळींत आहे. मेसेजमध्ये मराठी शब्द मात्र घालू नका, त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी नावं आणि जागा. वर्डमध्ये आपोआप चालणारे मॅक्रो पाच नावांचे. ऑटोएक्झेक वर्ड सुरू होताना चालतो, ऑटोन्यू नवं डॉक्युमेंट काढताना, ऑटोओपन जुनं उघडताना, ऑटोक्लोज डॉक्युमेंट बंद करताना आणि ऑटोएक्झिट वर्ड बंद करताना. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी वर्ड काही बोलत नाही, मॅक्रो नुसता पडून राहतो. मधले तिघे डॉक्युमेंटमध्ये, त्याला जोडलेल्या टेम्प्लेटमध्ये किंवा नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या नेहमीच्या कोऱ्या पानामागच्या टेम्प्लेटमध्ये, चालतात. ऑटोएक्झेकचं तसं नाही. तो नॉर्मल टेम्प्लेटमध्ये हवा, नाहीतर स्टार्टअप फोल्डरमधल्या टेम्प्लेटमध्ये. या फोल्डरमधली टेम्प्लेटं वर्ड सुरू होताना स्वतःच लोड करतो. अर्जाच्या फाइलमध्येच ऑटोएक्झेक लिहून ती फाइल डबल क्लिक केली, तर काहीही होणार नाही. तिथे ऑटोओपन लागतो. हे मी किमान चार दुकानांत पाहिलंय. मॅक्रो अगदी बरोबर लिहिलेला, फक्त चुकीच्या घरात ठेवलेला.

एकाच नावाचे दोन मॅक्रो असले तर डॉक्युमेंटला सगळ्यात जवळचा जिंकतो: आधी डॉक्युमेंटमधला, मग जोडलेल्या टेम्प्लेटमधला, मग नॉर्मलमधला. म्हणून एखाद्याच अर्जाला आपला समास लागत नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर त्या अर्जाच्या आत बाहेरून आलेला ऑटोओपन बसलाय का बघा.

स्टार्टअप फोल्डर शोधायला फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जाऊन अगदी तळाशी या. जनरलच्या खाली फाइल लोकेशन्सचं बटण आहे. त्यात स्टार्टअपच्या ओळीत पूर्ण पत्ता दिसतो. इंटरनेटवर वाचलेला पत्ता डोळे झाकून वापरू नका. एका कॉम्प्युटरवर दोन विंडोज युझर असतील तर प्रत्येकाचा फोल्डर वेगळा असतो. सकाळच्या ताईंकडे मॅक्रो चालतो आणि दुपारच्या दादांकडे नाही, अशी तक्रार आली की मी आधी दोघं कुठल्या युझरनं लॉगिन करतात तेच विचारतो.

इथेच "आज लावलं, उद्या गेलं" या प्रकाराचं उत्तर आहे. डेव्हलपर टॅबमध्ये डॉक्युमेंट टेम्प्लेट उघडून ॲडचं बटण दाबलं आणि डेस्कटॉपवरचं टेम्प्लेट निवडलं, तर ते लगेच लोड होतं. लोड होताना त्यातला ऑटोएक्झेकही चालतो. आपल्याला वाटतं काम झालं. पण दुसऱ्या दिवशी वर्ड उघडला की ते टेम्प्लेट यादीत दिसतं, त्याच्यासमोरची खूण मात्र गेलेली असते. असं हातानं जोडलेलं टेम्प्लेट वर्ड त्या बैठकीपुरतंच धरून ठेवतो. कायमचं हवं असेल तर फाइल उचलून स्टार्टअप फोल्डरमध्येच ठेवायची, दुसरा इलाज नाही. आणि ती डीओटीएम प्रकारात सेव्ह केलेली हवी. डीओसीएक्स किंवा डीओटीएक्समध्ये मॅक्रो राहूच शकत नाही. सेव्ह करताना वर्ड तसा इशारा देतो, आणि घाईत सगळे हो म्हणून मोकळे होतात.

आता ज्या बिघाडानं मला सगळ्यात जास्त छळलं तो. एका दुकानात उन्हाळाभर दर दोन-तीन दिवसांनी फोन. मी जायचो, स्टार्टअप फोल्डर बघायचो, टेम्प्लेट जागच्या जागी. फाइल नव्यानं टाकायचो, चालायचं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. नवतपा (मे अखेरचे नऊ तापते दिवस) सुरू झाला तसं रोजचंच झालं. शेवटी एक दुपार मी तिथेच बसून काढली. दोनच्या सुमारास लाइट गेली. वीस मिनिटांनी आली. ताईंनी लगेच कॉम्प्युटर सुरू केला, वर्डवर क्लिक केलं, वर्डचं निळं चित्र पडद्यावर आलं आणि त्याच क्षणी पुन्हा लाइट गेली. परत आली तेव्हा वर्डनं उघडताना एक चौकट दाखवली: अमुक टेम्प्लेटमुळे मागच्या वेळी गंभीर अडचण आली, ते बंद करायचं का? ताईंनी वाचलं नाही. मागे चार लोक उभे होते. त्यांनी हो दाबलं.

तिथे सगळा उलगडा झाला. वर्ड एखादं टेम्प्लेट किंवा ॲड-इन (वर्डला जोडलेला जास्तीचा प्रोग्राम) लोड करायला घेतो तेव्हा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, त्याची तात्पुरती नोंद करतो आणि ते नीट लोड झालं की नोंद पुसतो. नेमका तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडला तर नोंद तशीच राहते. पुढच्या वेळी वर्डला ती दिसते आणि तो समजतो की याच फाइलनं मला पाडलं. वीज गेली होती हे त्याला कळायला मार्ग नाही. आपण हो म्हटलं की टेम्प्लेट बंद केलेल्यांच्या यादीत जातं. फाइल फोल्डरमध्ये दिसते, वर्ड मात्र तिला हात लावत नाही.

सोडवायला फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथे जा. तळाशी मॅनेज नावाची यादी आहे. त्यात डिसेबल्ड आयटम्स निवडा आणि गो दाबा. आपलं टेम्प्लेट तिथे दिसलं तर निवडून एनेबल करा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा. एका मिनिटाचं काम. त्या दुकानात मी आणखी दोन गोष्टी केल्या. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावली: लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबा, आणि बंद करायचं का असं वर्डनं विचारलं तर नाही दाबा. आणि त्या एका कॉम्प्युटरला यूपीएस घ्यायला मालकांना तयार केलं. उन्हाळ्यात लाइट एकदा आली म्हणजे टिकलीच असं धरून चालू नका, पहिली पाच मिनिटं जाऊ द्या.

विजेचा दुसरा फटका नॉर्मल टेम्प्लेटला बसतो. नॉर्मलमध्ये केलेला बदल साधारणपणे वर्ड बंद करताना डिस्कवर लिहिला जातो. सकाळी मॅक्रो सुधारला, दिवसभर वर्ड उघडाच ठेवला आणि संध्याकाळी वीज गेली, तर सुधारणा गेली. म्हणून मॅक्रोच्या खिडकीत, म्हणजे ऑल्ट आणि एफ११ नं उघडते त्या एडिटरमध्ये, बदल केल्या केल्या कंट्रोल आणि एस दाबायची सवय लावा. नॉर्मल खराबच झालं असेल तर वर्ड बंद करून त्या फाइलचं नाव बदला. पुढच्या वेळी वर्ड नवं नॉर्मल तयार करतो. जुनी फाइल पुसू नका, तुमचे मॅक्रो आणि ऑटोटेक्स्ट (नाव देऊन साठवलेला नेहमीचा मजकूर) तिच्यातच आहेत. माझं स्पष्ट मत असं की दुकानाचा मॅक्रो नॉर्मलमध्ये ठेवूच नये. वेगळं टेम्प्लेट स्टार्टअपमध्ये ठेवा, ते रीड-ओन्ली करा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

सुरक्षेकडे येऊ. ऑटोओपनचा इतिहास चांगला नाही. १९९५ सालच्या कॉन्सेप्ट या वर्डच्या पहिल्या गाजलेल्या मॅक्रो व्हायरसनं याच ऑटोओपनचा आधार घेतला होता. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा आला, तोही फाइल उघडताच चालणारा आणि ईमेलनं पसरणारा. त्यामुळे वर्ड आपोआप चालणाऱ्या मॅक्रोकडे संशयानं बघतो, आणि ते योग्यच आहे. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मूळ सेटिंगमध्येच अडवायला सुरुवात केली. आधी पिवळ्या पट्टीवर एक बटण दाबलं की मॅक्रो चालायचा. आता लाल पट्टी येते आणि तिच्यावर चालू करण्याचं बटणच नसतं.

फाइल इंटरनेटवरून आली हे वर्डला कळतं ते विंडोजनं फाइलला चिकटवलेल्या एका अदृश्य खुणेमुळे. ईमेलमधून किंवा व्हॉट्सॲप वेबवरून डाउनलोड केलेल्या फाइलला ही खूण लागते. झिप फाइल विंडोजमधूनच उघडली तर आतल्या फाइलींनाही लागते. म्हणून वकील साहेबांनी ईमेलनं पाठवलेला मसुदा त्यांच्या ऑफिसात आपोआप जुळतो आणि तुमच्या दुकानात नाही. फाइल कुणाची आहे याची खात्री असेल तरच तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जनरलमध्ये तळाशी अनब्लॉकची चौकट असते, तिथे खूण करून ओके करा. रोजच्या वापराचं टेम्प्लेट असेल तर त्याहून चांगला उपाय म्हणजे विश्वासाची जागा. ट्रस्ट सेंटरमध्ये ट्रस्टेड लोकेशन्सची यादी आहे, आणि वर्डचा स्टार्टअप फोल्डर त्यात मुळातच असतो. तिथे ठेवलेल्या टेम्प्लेटचा मॅक्रो न विचारता चालतो. सगळे मॅक्रो चालू करण्याचा पर्याय मात्र वापरू नका. त्या कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं, जमिनीचे कागद, घटस्फोटाचे अर्ज असतात. एका समासासाठी ते धोक्यात घालू नये. डाउनलोड्स फोल्डरला विश्वासाची जागा करणं हाही तोच प्रकार.

तिसरा बिघाड, मॅक्रो सुरू होऊन अडणं. यात सगळ्यात नेहमीचा एरर ४२४८, म्हणजे कुठलंही डॉक्युमेंट उघडं नसल्यामुळे ही आज्ञा चालणार नाही. वर्ड २०१३ पासून वर्ड उघडला की आधी टेम्प्लेटांचं स्वागत पान येतं, कोरं पान येत नाही. ऑटोएक्झेक त्याआधीच चालून जातो. त्यात चालू डॉक्युमेंटचा समास बदला असं लिहिलेलं असेल, तर बदलायला डॉक्युमेंटच नसतं. हातानं चालवताना पान समोर असतं, म्हणून तेव्हा एरर येत नाही आणि आपण बुचकळ्यात पडतो. यावर उपाय दोन. ऑप्शन्सच्या जनरल भागात स्वागत पान बंद करता येतं, पण त्यावर विसंबू नका. खरा उपाय म्हणजे समासाचं काम ऑटोएक्झेकमधून काढून टेम्प्लेटमध्येच बसवणं. लीगल कागद, समास, ओळींचं अंतर हे सगळं टेम्प्लेटच्या पानावरच लावून ठेवता येतं, आणि त्या टेम्प्लेटवरून नवं पान काढलं की सगळं तयार मिळतं. तिथे मॅक्रोची गरजच नाही. ऑटोएक्झेककडे बटणं आणि शॉर्टकट एवढंच ठेवा. तरीही चालू डॉक्युमेंटला हात लावायचाच असेल, तर आधी डॉक्युमेंटांची संख्या शून्य आहे का ते तपासा. शून्य असेल तर ऑनटाइम वापरून एक-दोन सेकंदांनी दुसरा मॅक्रो बोलवा.

एरर न दाखवता नुसताच काही करत नसेल, तर मॅक्रोच्या वरच्या भागात ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट ही ओळ आहे का बघा. ती सगळ्या चुका गिळून टाकते. शोध लागेपर्यंत तिच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह (') टाकून तिला झोपवा.

मराठीत काम करणाऱ्यांना छळणाऱ्या दोन गोष्टी इंग्रजी माहितीत क्वचितच सापडतात. पहिली, मॅक्रोच्या एडिटरला युनिकोड कळत नाही. तिथे देवनागरी मजकूर टाइप केला किंवा पेस्ट केला की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. मॅक्रो चालतो, पण अर्जाच्या डोक्यावर "नागपूर" ऐवजी पाच-सहा प्रश्नचिन्हं छापली जातात. एखाद-दुसरं अक्षर हवं असेल तर सीएचआरडब्ल्यू या फंक्शनमध्ये त्याचा क्रमांक देता येतो: क साठी २३२५, न साठी २३४४. पण पूर्ण परिच्छेद असा लिहिणं हाल करून घेणं आहे. मराठी मजकूर टेम्प्लेटमध्ये ऑटोटेक्स्ट म्हणून साठवा, त्याला इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्या आणि मॅक्रोला त्या नावानं तो मजकूर टाकायला सांगा.

दुसरी गोष्ट फाँटची. ताई म्हणाल्या, "मॅक्रो चालून राहिला, पण मराठीचा साइज काही बदलत नाही बाप्पा." वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट धरतो आणि तिच्या फाँटचं नाव, आकार वेगळे सांभाळतो. मॅक्रोमध्ये नुसतं फाँटचं नेम आणि साइज बदललं तर इंग्रजी अक्षरं बदलतात, मराठी तशीच राहतात. त्यासाठी नेमबीआय आणि साइजबीआय हे दोन गुण वेगळे लावावे लागतात. त्यांच्या मॅक्रोत या दोन ओळी वाढवल्या आणि मराठी मजकूर मंगल फाँटमध्ये सोळाच्या आकारात आला. त्याआधी त्या दर पानाला सगळं सिलेक्ट करून आकार हातानं बदलत होत्या, किती दिवसांपासून ते त्यांनाही आठवत नव्हतं.

कॉम्प्युटर बदलल्यावर "हिडन मॉड्यूलमध्ये कंपाइल एरर" असा निरोप आला तर नवं ऑफिस ६४ बिटचं आहे आणि मॅक्रो ३२ बिटच्या काळातला, ही शक्यता मोठी. मॅक्रोत डिक्लेअरनं सुरू होणाऱ्या ओळी असतील तर त्यांत पीटीआरसेफ हा शब्द घालावा लागतो आणि काही प्रकारही बदलावे लागतात. दुसरी शक्यता हरवलेल्या रेफरन्सची, म्हणजे मॅक्रो ज्या बाहेरच्या फाइलवर अवलंबून आहे ती न सापडण्याची. एडिटरमध्ये टूल्स, रेफरन्सेस उघडा आणि मिसिंग असं लिहिलेल्या ओळीवरची खूण काढा. आणि नीट वाचा की निरोपात कुठल्या टेम्प्लेटचं नाव आहे. कधी कधी तो आपला मॅक्रोच नसतो. एखादं पीडीएफचं सॉफ्टवेअर आपलं टेम्प्लेट गुपचूप स्टार्टअपमध्ये टाकून जातं.

शिफ्टची कळही तपासा. वर्ड सुरू होताना किंवा फाइल उघडताना शिफ्ट दाबलेली असेल तर आपोआप चालणारे मॅक्रो चालत नाहीत, ती सोय वर्डनं मुद्दाम ठेवलेली आहे. झेरॉक्सच्या दुकानातली धूळ कीबोर्डात बसून शिफ्ट अडकलेली मी दोनदा पाहिली आहे. आणि ऑटोएक्झेक वर्ड सुरू होतानाच एकदा चालतो. आधीचा वर्ड मागे अडकून राहिलेला असेल तर नवी खिडकी उघडूनही तो पुन्हा चालणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये बघा, उघडं काम सेव्ह करा, मगच तो बंद करा.

समास दोनदा लागतो, शिक्का दोनदा येतो, अशी उलटी तक्रार असेल तर ऑटोओपन आणि डॉक्युमेंट-ओपन (फाइल उघडताच मॅक्रो चालवण्याची दुसरी पद्धत) दोन्ही लिहिलेले असतील. दोन्ही चालतात. एक काढा.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे ही खास नावं शोधत बसू नका. टूल्स, कस्टमाइझ, इव्हेंट्स असं जाऊन प्रोग्राम सुरू होणे किंवा डॉक्युमेंट उघडणे या घटनेला मॅक्रो जोडा. जोडणी सगळ्या लिबरऑफिससाठी की फक्त या डॉक्युमेंटसाठी, हे त्याच खिडकीत निवडावं लागतं, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं.

त्या उन्हाळ्यातल्या दुकानातून परवा पुन्हा फोन आला. ताईंनी ऑल्ट एफ८ आधीच दाबून पाहिलं होतं. "यादीत नाही दिसून राहिलं भाऊ, म्हणजे डिसेबल्डमध्ये गेलं असन ना?" तिथेच होतं. फोन चालू असतानाच त्यांनी ते एनेबल केलं.